कवळी मोफत, रूट कॅनाल मात्र पदरमोड करून

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा यांच्या जोडीने कवळीही मोफत मिळते. ही योजना २०१७ ची. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. महाराष्ट्रात त्याआधीच, २०२३ मध्ये, महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्वांसाठी खुली करून विम्याची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला होता. हे सगळे स्वागतार्हच आहे. पण दाताच्या नजरेतून या योजनांकडे पाहिले तर चित्र गमतीशीर दिसते. दाताचा पू गळ्याकडे उतरला, रुग्णाला दाखल करून चिरा द्यावा लागला, तर योजनेचा आधार मिळू शकतो. सगळे दात गेले तर कवळीची सोय आहे. या दोन टोकांच्या मधे जो उपचार दोन-तीन बैठकांत हे दोन्ही टाळू शकतो, तो म्हणजे रूट कॅनाल. तो रुग्णालयात दाखल न होता होतो आणि म्हणूनच या योजनांत बसत नाही. तो करायचा तर पदरमोड.

रूट कॅनाल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दाढ येते. रात्रभर ठणकणारी, लवंग दाबून धरलेली. मी मात्र आज खालच्या पुढच्या दातांविषयी लिहिणार आहे. मधले चार पटाशीचे दात आणि त्यांच्या दोन बाजूंचे दोन सुळे. सरकारी हिशेबातली विसंगती सर्वांत ठळक दिसते ती याच सहा दातांत. आणि याच दातांच्या बाबतीत आम्ही डॉक्टर मंडळीही सर्वाधिक गोंधळ घालतो.

खालचे मधले दोन पटाशीचे दात कायमच्या दातांपैकी अगदी सुरुवातीला येतात, वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी. आणि बहुतेकांच्या तोंडात शेवटपर्यंत टिकून असतात तेही खालचे पुढचेच दात. याचे कारण लाळेत आहे. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या या दातांच्या मागे उघडतात. दिवसभर लाळेने धुतले जात असल्यामुळे त्यांना कीड सहसा लागत नाही. त्याच लाळेतल्या क्षारांमुळे तिथे दगडासारखे कीटण मात्र सर्वांत जास्त साचते आणि हिरड्या मागे सरकतात. म्हणजे या दातांचे दुखणे दाढांसारखे नसते. दाढ किडते आणि बोंब मारते. खालचा पुढचा दात बहुधा न बोलता मरतो.

तो मरतो कसा? मार लागून, हे पहिले कारण. कबड्डीत कोपर बसते, क्रिकेटचा चेंडू लागतो, दुचाकीवरून पडताना हनुवटी आपटते, शाळेतल्या झोपाळ्याची फळी तोंडावर येते. दात तुटत नाही, हलत नाही, दोन दिवस दुखतो आणि घरचे विसरून जातात. पण मुळाच्या टोकातून आत जाणारी बारीक रक्तवाहिनी त्या धक्क्याने तुटलेली असू शकते. मग दाताच्या आतला जिवंत भाग, ज्याला सगळे ‘नस’ म्हणतात, हळूहळू मरतो. दात किंचित करडा दिसू लागतो. दुसरे कारण झीज. कायम मिश्री घासणारे, दात खाणारे, सुपारी फोडणारे यांचे खालचे दात वर्षानुवर्षे झिजून टोकाशी सपाट होतात आणि एक दिवस आतली पोकळी उघडी पडते. तिसरे कारण हिरड्यांचा जुना आजार. त्यातला संसर्ग खोलवर मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतो. मार लागल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत कधी कधी दहा-पंधरा वर्षे जातात. तोवर तो चेंडू कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

इथून पुढचा प्रवास दंतवैद्याकडे व्हायला हवा, पण पुष्कळदा तो त्वचारोग विभागात किंवा सर्जरीच्या ओपीडीत होतो. मेलेल्या दाताच्या मुळाशी पू साचतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. खालच्या पुढच्या दातांखाली जबड्याच्या हाडाला हनुवटीचा एक छोटा स्नायू चिकटलेला असतो. मुळाचे टोक त्या स्नायूच्या वर असेल तर पू ओठाच्या आत, हिरडीवर फुटतो. टोक स्नायूच्या खाली असेल तर पू हनुवटीच्या त्वचेतून बाहेर येतो. बाहेरून दिसतो तो एक लालसर फोड, मधोमध खपली, कधी कधी थेंबभर पू. दात दुखत नाही, कारण पुवाला वाट मिळालेली असते आणि आत दाब साचत नाही. रुग्णाच्या आणि पुष्कळदा डॉक्टरच्याही मनात दाताचा विचारच येत नाही.

मग सुरू होते ते चक्र वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत आणि नियतकालिकांत इतक्या वेळा छापून आले आहे की आता ते नवीन राहिलेले नाही. पाच दिवसांचे अँटिबायोटिक. फोड सुकतो. महिन्याने पुन्हा येतो. पुन्हा अँटिबायोटिक, या वेळी ‘जरा वरचे’. मग मलम. मग कोणीतरी गाठ समजून ती कापून काढतो. टाके सुकतात आणि तीन महिन्यांनी त्याच व्रणातून पुन्हा पू. तरुण मुलीच्या हनुवटीवर हे चालले असेल तर तिच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत ही गोष्ट जाते. त्वचेतून फुटणाऱ्या अशा दातांच्या नासूरांपैकी बहुतेक खालच्या जबड्याचे असतात आणि हनुवटीवरच्या नासूरामागे खालचे पुढचे दात असण्याची शक्यता सर्वांत मोठी. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दंतविषय आहे, पण तो चवीपुरता. परीक्षेत न येणारा विषय ओपीडीत आठवत नाही, हे आमच्या शिक्षणाचे वास्तव.

अँटिबायोटिकने हे बरे का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. गोळीतले औषध रक्तातून पोहोचते. मेलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो. त्या पोकळीत वस्तीला बसलेल्या जंतूंपर्यंत औषध जाणार कोणत्या रस्त्याने? बाहेरच्या सुजेतले जंतू मरतात, फोड बसतो, आतले कोठार शाबूत राहते. म्हणून अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट मार्गदर्शन दिले की प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढांत दाताच्या आतल्या वा मुळाशी असलेल्या बहुतेक दुखण्यांसाठी अँटिबायोटिक देऊ नये, दाताचा उपचार करावा. ताप असेल, सूज चेहऱ्यावर पसरत असेल, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे औषध लागतेच आणि तेही तातडीने.

भारताने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये केला. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही याच विषयावर उच्चस्तरीय बैठक झाली आणि अशा संसर्गांनी होणारे मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले. या चर्चांत अतिदक्षता विभागातले जंतू असतात, कोंबड्यांच्या खाद्यातली औषधे असतात. औषधाच्या दुकानातून दाताच्या दुखण्यासाठी चिठ्ठीशिवाय घेतलेल्या तीन-तीन गोळ्यांच्या पुड्या मात्र फारशा नसतात. तालुक्याच्या गावी मेडिकलवाला दंतवैद्यापेक्षा जवळ असतो आणि स्वस्तही. ज्या उपचाराने आजार मुळातून जातो तो महाग आणि ज्याने तो फक्त झाकला जातो तो स्वस्त, अशी रचना ठेवल्यावर लोक काय निवडणार?

खरे तर निदान अवघड नाही. हनुवटीवरचा फोड महिन्याहून अधिक काळ येत-जात असेल, तर ओठ खाली ओढून खालचे दात पाहावेत. एखादा दात करडा आहे का, झिजला आहे का, हिरडीवर पुळी आहे का. फोड आणि दात यांच्या मधे ओठाच्या आतून बोट फिरवले की बरेचदा दोरीसारखी गाठ लागते. तीच पुवाची वाट. दंतवैद्य त्या छिद्रातून गटापर्चाची बारीक कांडी आत सरकवून एक्स-रे काढतात आणि कांडीचे टोक थेट दोषी दाताच्या मुळाशी जाऊन थांबलेले दिसते. (गटापर्चा हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना त्याचेच वेष्टण असे. तारायंत्र गेले, गटापर्चा दातात राहिला.) त्या दाताचे रूट कॅनाल केले की नासूर बहुधा दोन-चार आठवड्यांत आपोआप बंद होतो. त्वचेवर शस्त्रक्रिया लागत नाही. मागे राहते ती लहानशी खळी.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की खालच्या पुढच्या दाताखाली एक्स-रेत काळा डाग दिसला की रूट कॅनाल करून मोकळे व्हावे. तसे नाही. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी हाडाचा एक निरुपद्रवी बदल होतो. सुरुवातीला तो एक्स-रेत काळा, थेट पुवाच्या पोकळीसारखा दिसतो. काही वर्षांनी पांढरा होत जातो. दात ठणठणीत जिवंत असतात आणि कशाचीच गरज नसते. फक्त एक्स-रे बघून अशा बाईंचे तीन-तीन, चार-चार निरोगी दात पोखरल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. फरक ओळखायला लागते ती थंडाची चाचणी. दाताला थंड लावले आणि ‘झिणझिणले’ असे रुग्ण म्हणाला तर नस जिवंत आहे. जिवंत दाताच्या मुळाशी पुवाची पोकळी सहसा होत नाही. नुकताच मार लागलेल्या दाताची गोष्ट याच्या उलट. तो काही आठवडे, कधी तीन महिनेही, थंडाला प्रतिसाद देत नाही आणि मग शुद्धीवर येतो. म्हणून मार लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ‘नस मेली’ असे सांगून रूट कॅनालची घाई करणाऱ्यालाही प्रश्न विचारायला हवा. आणि ज्या दाताभोवतीचे हाड हिरड्यांच्या आजाराने जवळपास संपले आहे, जो जिभेनेही हलतो, त्याला रूट कॅनाल करून वाचवता येत नाही. तो काढणेच रास्त.

आता उपचाराविषयी. लोकांचा समज असा की दाढेचे रूट कॅनाल अवघड आणि पुढच्या दाताचे किरकोळ. वरच्या पुढच्या दातांपुरते ते बरेचसे खरे आहे. खालचा पटाशीचा दात मात्र फसवा. तोंडातला हा सर्वांत अरुंद दात, रुंदी जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर, लांबी मुळासकट साधारण २१ मिलिमीटर. मूळ एकच, पण ते समोरून पाहिले तर चिंचोळे आणि बाजूने पाहिले तर पसरट, फळीसारखे. या फळीत पुष्कळदा एक नव्हे तर दोन नळ्या असतात, एक ओठाकडे आणि एक तिच्या मागे जिभेकडे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन आणि डाउसन यांच्या बहुचर्चित अभ्यासात अशा ४१ टक्के दातांत दोन नळ्या आढळल्या होत्या. बहुतेकांत त्या टोकाशी एकत्र येत होत्या. अगदी वेगळी दोन तोंडे असलेले दात दीड टक्काही नव्हते. पुढच्या अभ्यासांतले आकडे कमी-अधिक आहेत, तरी चारातल्या एका दातात दोन नळ्या धरून चालणे शहाणपणाचे.

आता साधा एक्स-रे समोरून काढला तर या दोन नळ्या एकामागे एक येतात आणि एकच दिसते. एक्स-रेचा कोन थोडा तिरका केला तरच दुसरी उघड होते. शिवाय मागची नळी दाताच्या आतल्या एका कडेखाली लपलेली असते. दाताला पाडलेले छिद्र फार लहान असेल तर हत्यार सरळ पुढच्या नळीत जाते आणि मागची राहून जाते. तिथे राहिलेले जंतू वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा डोके वर काढतात आणि रुग्ण म्हणतो, ‘रूट कॅनाल केले तरी दात पिकलाच.’ उलट, छिद्र मोठे करण्याच्या नादात बाजूला जास्त कोरले तर या चिंचोळ्या मुळाला भोकच पडते. वेळ लागणारे, नजर लागणारे काम आहे हे. नीट केले तर टिकतेही. रूट कॅनाल केलेले दहापैकी आठ-नऊ दात आठ-दहा वर्षांनंतरही तोंडात शाबूत असतात, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांवरून दिसते.

एका बाबतीत हे दात स्वस्त पडतात. दाढेला रूट कॅनालनंतर कॅप बहुधा लागतेच, कारण चावण्याच्या जोराने ती दुभंगू शकते. खालच्या पुढच्या दाताचा मोठा भाग शाबूत असेल तर दाताच्या रंगाचे सिमेंट भरून काम भागते. उलट कॅपसाठी आधीच चिमुकला असलेला दात चहूबाजूंनी तासला तर उरते काय? म्हणून ‘पुढच्या दाताला कॅप लागेलच’ असे सरसकट सांगितले गेले तर ‘का?’ असे विचारायला संकोचू नये. दात बराच मोडलेला असेल तर उत्तर मिळेल, नसेल तर निम्मे पैसे वाचतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणाऱ्या ‘रूट कॅनालने कॅन्सर होतो’ या निरोपाचा इथेच निकाल लावतो. त्याची मुळे शंभर वर्षांपूर्वीच्या एका समजुतीत आहेत. दातातला संसर्ग हाच सांधेदुखीपासून वेडापर्यंत सर्व रोगांचे मूळ, असे मानून तेव्हा युरोप-अमेरिकेत हजारो चांगले दात उपटले गेले. ती समजूत नंतरच्या शास्त्रीय कसोट्यांवर टिकली नाही. ‘रूट कॉज’ नावाच्या एका माहितीपटाने ती पुन्हा उकरून काढली. दंतवैद्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. निरोप मात्र अजून फिरतोच आहे.

मग दात काढून टाकला तर काय बिघडते? आपल्याकडे वरचा दात काढायला लोक घाबरतात, डोळ्यावर परिणाम होतो म्हणून. ती भीती निराधार आहे, पण खालच्या दाताबद्दल तेवढीही भीती नाही. ‘एक छोटा दातच तर आहे’ म्हणून तो सहज निघतो. एक दात गेला की शेजारचे दोन दात त्या फटीकडे कलंडतात. त्या जागी नवा दात बसवायचा तर ब्रिजसाठी शेजारचे निरोगी दात तासावे लागतात आणि इम्प्लांटला ही जागा फार चिंचोळी.

खरी किंमत कळते ती म्हातारपणी. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नसते; मधे जीभ असते आणि ती सतत हलते. जबड्याचे हाड झिजत गेले की खालची कवळी तोंडात नुसती तरंगते. शिबिरात मिळालेल्या कितीतरी कवळ्या म्हणूनच डबीत किंवा उशीखाली पडून असतात. खालचे दोन सुळे मात्र वाचलेले असतील तर चित्र बदलते. सुळ्याचे मूळ लांब आणि दणकट. दात मोडला असला तरी त्याचे रूट कॅनाल करून तो हिरडीच्या पातळीपर्यंत कापायचा आणि वरून कवळी बसवायची. कवळीला दोन खुंटे मिळतात आणि मुख्य म्हणजे हाड टिकते. क्रम आणि रूनी यांनी १९७८ मध्ये पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे दिले. खालचे सुळे ठेवून कवळी बसवलेल्यांत पुढच्या भागातले हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले, सगळे दात काढून कवळी बसवलेल्यांत ५.२ मिलिमीटर. अभ्यास जुना आणि लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणजे ज्या सरकारला कवळीवर खर्च करायचाच आहे, त्याने त्याआधी दोन सुळ्यांच्या रूट कॅनालवर खर्च केला तर कवळी तोंडात बसेल तरी. पण कवळीचा खर्च सामाजिक न्याय खात्याच्या वहीत आणि रूट कॅनालचा आरोग्य खात्याच्या, त्यामुळे दोन्ही आकडे एका पानावर कधी येत नाहीत.

सरकारी यंत्रणेत रूट कॅनाल होतच नाही असे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत आणि जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून २०१४ पासून राज्यांना दंतखुर्च्या व साधनांसाठी मदत मिळते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हे काम कमी खर्चात करतात. पण यवतमाळच्या किंवा नंदुरबारच्या रोजंदारीवरच्या माणसाला तीन खेपा आणि तीन दिवसांची मजुरी घालवून तिथे जाणे परवडत नाही. ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक एकटा असतो. सकाळच्या ओपीडीत चाळीस रुग्ण. दात काढायला दहा-पंधरा मिनिटे, रूट कॅनालला दोन-तीन बैठका आणि प्रत्येक बैठक पाऊण तासाची. महिन्याच्या अहवालात किती रुग्ण पाहिले हा रकाना असतो, किती दात वाचवले हा नसतो. अशा ठिकाणी दात काढला जातो, यात त्या डॉक्टरचा आळस शोधणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यापुढे ठेवलेला हिशेबच तसा आहे.

आणखी एक तुलना टोचते. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्त यांच्यासाठी जी सीजीएचएस योजना आहे, तिच्या दरपत्रकात रूट कॅनाल आहे. म्हणजे हा चैनीचा उपचार नाही, हे सरकारला मान्य आहे. फक्त ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांच्यासाठी ते मान्य नाही.

हे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, असेही म्हणता येत नाही. ब्राझील काही श्रीमंत युरोपीय देश नव्हे. तिथे २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्राझील सोरिदेंते’, म्हणजे हसरा ब्राझील, या कार्यक्रमात देशभर सरकारी दंतकेंद्रे उभी राहिली आणि त्यांनी देण्याच्या किमान सेवांत रूट कॅनाल धरले गेले. २०२३ मध्ये त्यांनी मौखिक आरोग्यसेवा कायद्यातच घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचे व दातांचे आजार आहेत. तिच्या कृती आराखड्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ८० टक्के लोकसंख्येला अत्यावश्यक दंतसेवेचा हक्क मिळावा हे आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकॉकच्या बैठकीत देशांनी त्याला पुन्हा दुजोरा दिला. अत्यावश्यक म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक देशाने आपापले ठरवायचे आहे.

मनुष्यबळाची अडचणही सांगितली जाते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि नवे बीडीएस झालेले तरुण शहरांतल्या दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर राबत आहेत. १९४८ चा दंतवैद्य कायदा मोडीत काढून संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यावरची बहुतेक चर्चा शुल्क, प्रवेश आणि परीक्षा यांभोवतीच फिरते. शिकलेल्या हातांना ग्रामीण रुग्णालयात पदे किती, हा प्रश्न आयोगाच्या कक्षेबाहेरचा. तो राज्याच्या अर्थसंकल्पाचा आहे.

रूट कॅनाल योजनेत घाला, एवढे म्हणून मी थांबणार नाही, कारण त्यात मोठा धोका आहे. जिथे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात तिथे शस्त्रक्रिया वाढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये जो गदारोळ झाला तो आपण विसरलेलो नाही. उद्या दर दातामागे ठरावीक रक्कम मिळू लागली तर जिवंत दातही ‘मेलेले’ ठरतील आणि दोन नळ्यांच्या दातात एकच नळी भरून बिल लागेल. म्हणून माझ्या मते सुरुवात विम्याच्या पॅकेजने करू नये. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत पगारी दंतशल्यचिकित्सकांची पदे वाढवून, फक्त पुढच्या दातांपुरती ती करावी. दाढा दंत महाविद्यालयांकडे पाठवाव्यात. प्रत्येक दातामागे तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात: थंडाच्या चाचणीचा निकाल, उपचाराआधीचा तिरका एक्स-रे आणि नळ्या भरल्यानंतरचा एक्स-रे. एवढ्या नोंदींवरून काम गरजेचे होते का आणि पुरे झाले का, हे कोणताही दुसरा दंतवैद्य नंतर तपासू शकतो. ज्येष्ठांच्या शिबिरात कवळीचे माप घेण्याआधी खालच्या सुळ्यांची तपासणी बंधनकारक करावी. तोंडात शिल्लक असलेले सुळे काढायचे ठरले तर का, ते लिहावे.

सामग्रीचे रडगाणेही फार मोठे नाही. पुढच्या दाताच्या रूट कॅनालला हाताने फिरवायच्या फाइल्स, रबराचा पडदा, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, गटापर्चा आणि दाताचा एक्स-रे एवढे पुरते. थंडाच्या चाचणीला तर यंत्रही लागत नाही. इंजेक्शनच्या सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून ते लसींच्या नव्हे, दुसऱ्या फ्रिजमध्ये गोठवायचे, मुठीत धरून बर्फाची कांडी सोडवायची आणि एकेका दाताला लावत जायचे. आधी शेजारच्या चांगल्या दाताला, मग संशयित दाताला. हनुवटीवरच्या फोडासाठी दुसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहिण्याआधी एवढे करायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही दोन मिनिटे लागतील.